राजीखुशीने नाही

पनवेलजवळ कोन गावात, हमरस्त्यापासून थोडं आत एक नवा बंगला आहे. दारात सिंहाची दोन तोंडं, वर काचेचा घुमट, आणि फाटकाच्या आत एक संगमरवरी चौथरा. चौथऱ्यावर साडेतीनशे सीसीची एक जुनी लोखंडी मोटारसायकल उभी करून ठेवली आहे. तिला सोनेरी रंग फासलाय. खाली पाटी आहे : 'कै. सुमनआत्या यांजकडून लाडक्या रोशनला सप्रेम भेट.'

परवा एका लग्नाला जाताना आमची रिक्षा नेमकी त्या फाटकापाशी थांबली आणि मी ती पाटी वाचली. माझं डोकं असं भणाणलं, की लग्नात अक्षता हातात धरून मी कोणाला आशीर्वाद देत होते तेच कळेना. ही पाटी खोटी आहे. सुमन घरत हिने ही गाडी कोणालाही भेट दिलेली नाही. सप्रेम तर नाहीच नाही. मेलेल्या माणसाची सही लागत नाही, म्हणून मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवायचं. मला हे लिहायलाच हवं. ते वाचून त्या बंगल्यातल्या माणसांना राग आला तर येऊ दे. माझा आधीच आलेला आहे.

घरतबाई आमच्या पनवेलच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या आणि मी मराठी. शाळा सुटली तरी सुटका नव्हती, कारण राहायलाही आम्ही एकाच इमारतीत, त्या पहिल्या मजल्यावर आणि मी दुसऱ्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं विचारणाऱ्याला त्या म्हणत, "तुमी केलं ना? मंग? काय मिलालं?" वर्गात त्यांचं मराठी शुद्ध असे, अगदी 'सावधान-विश्राम' सुद्धा छापल्यासारखं. पण राग आला की त्या थेट माहेरच्या, कोनच्या अंगणातल्या बोलीवर जायच्या. आणि राग त्यांना दिवसातून चारदा यायचा.

गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, साडी घोट्याच्या वर. गाडीवर बसताना पदर कमरेला असा खोचायच्या की वादळातही हलू नये. मुलं त्यांना टरकून असत, आणि शिक्षक मुलांपेक्षा जास्त. स्टाफच्या मीटिंगमध्ये समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधी त्यांचं उत्तर सुरू झालेलं असे. मी एकदा म्हटलं, "घरतबाई, समोरच्याला पूर्णविराम तरी देऊ द्या." त्या म्हणाल्या, "पूर्णविरामापर्यंत थांबलं की लोक विषय बदलतात, लेलेबाई."

ती गाडी मात्र त्या अगदी थांबून, शांतपणे हाताळत. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये स्वयंपाकघरातला पाट घेऊन बसायच्या. शेजारी मिसळणाचा डबा. त्याच्या वाट्यांत मोहरी-जिऱ्याऐवजी पितळेचे बारीक स्क्रू, जेट, वॉशर. रॉकेलची वाटी, जुना टूथब्रश. कार्बोरेटर खोलून, घासून, पुसून परत बसवायचा, मग गाडी काढून पळस्प्यापर्यंत जाऊन यायचं. "थंड इंजिनावर हवा-पेट्रोलचं मिक्श्चर लावनारा मानूस आनि न चाखता मीठ घालनारी बाई, दोगं सारकेच." परत आल्या की गाडी चालू ठेवून, एक कान खाली करून, हवेचा स्क्रू पाव-पाव फिरवायच्या. इंजिन जिथे सगळ्यात हलकं धावेल ती जागा शोधायची आणि तिथून किंचित मागे यायचं. शेवटी प्लग काढून बघायचा. पांढरा पडला असेल तर गाडी उपाशी आहे, काळा असेल तर अजीर्ण. त्यांना हवा असे तो रंग चहाचा. त्यासाठी वरून मला हाक मारत, "लेलेबाई, तुमचा चहा आना खाली!" माझ्या कपाशेजारी प्लग धरून त्या रंग जुळवत, आणि माझा चहा फिका झाला असला तर दोष चहाला देत.

टायमिंग लावायचं त्याहून नाजूक काम. ठिणगी केव्हा पडते ते बघायचं म्हणजे पॉइंटची दोन टोकं नेमकी केव्हा उघडतात ते बघायचं. त्या फटीत त्या सोनाराकडचा गुलाबी कागद धरत. तो दागिना गुंडाळून देतात ना, तोच, पातळ. प्लगच्या भोकातून स्वेटर विणायची सुई आत पिस्टनवर टेकवलेली, तिच्यावर नेलपॉलिशची खूण. एका हाताने चाक इंच-इंच फिरवायचं, दुसऱ्या हाताने कागद हलकासा ओढत राहायचं. सुई वर येत येत खुणेपाशी पोचली आणि त्याच क्षणी कागद सुटला, तर टायमिंग बरोबर. आधी सुटला तर ठिणगी घाई करते, नंतर सुटला तर आळस. एवढा पातळ कागदच का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "घरच्यांनी सोनं कधी दिलं नाय. कागद तरी वापरते."

सोसायटीच्या अध्यक्षांनी एकदा तेलाच्या डागांबद्दल नोटीस लावली. बाईंनी स्वतः फरशी घासून लख्ख केली, मग अध्यक्षांच्या मोटारीखालचे डागही घासले, आणि त्यांच्या दाराची बेल वाजवून सांगितलं, "तुमचेपन काढले. तुमची गाडी माज्यापेक्षा जास्त गलते." पुन्हा नोटीस लागली नाही.

ही गाडी त्यांच्याकडे आली कशी, ते सांगितल्याशिवाय त्या पाटीचा निर्लज्जपणा कळणार नाही.

गाडी त्यांच्या वडलांची. शेतावरून आल्यावर ते ओट्यासमोर तिचं इंजिन खोलून बसत आणि पाना पकडायला धाकट्या सुमनला बसवत. वडील गेले, आणि तेवढ्यात कोनच्या जमिनीला भाव आला. आमच्या भागात जमिनीला भाव आला की पहिल्यांदा बहिणींची आठवण होते. वर्षानुवर्षं भाऊबीजेला न बोलावणारे भाऊ मोटार घेऊन दारात येतात, चौकशा करतात, जेवायला नेतात. मग एक दिवस कचेरीत जायचं, हक्कसोडपत्रावर सही करायची, भारी साडी घ्यायची आणि माहेर टिकलं म्हणून देवाचे आभार मानायचे. सही न करणारी बहीण वाईट. लग्नकार्यात तिला कोणी विचारत नाही, गावात तिच्या नावाने बोटं मोडतात. ही आपली गोड रीत!

घरतबाईंच्या दोन्ही थोरल्या बहिणींनी सह्या केल्या. थोरला भाऊ, नारायणदादा, साडीची पिशवी घेऊन बाईंकडे आला तेव्हा सोबत म्हणून मला वरून बोलावलं होतं. बाईंनी पिशवी उघडलीसुद्धा नाही.

"सही पायजे तं मला बाबांची गाडी दे," त्या म्हणाल्या.

दादा हसला. "बाईमानसाला फटफटी कशाला गो?"

"मंग बाईमानसाची सही कशाला पायजे?"

दादाचं हसू गेलं. गाडी नावावर झाली तेव्हाच बाई मला सोबत घेऊन कचेरीत गेल्या. लिहिणाऱ्याने कागद वाचून दाखवला. त्यात ते वाक्य होतं : 'मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय...' बाई म्हणाल्या, "एवढं वाक्य खोडा. बाकी सही करते." लिहिणारा वैतागला, "बाई, हे सगळ्यांच्यात असतं." बाई बराच वेळ पेन धरून बसल्या. मागे बहिणी कुजबुजत होत्या, दादा घड्याळ बघत होता. शेवटी सही केली. घरी येताना मी मागे बसले होते. वाऱ्यात त्या ओरडून म्हणाल्या, "जमीन गेली त्येचं काय नाय! खोटं लिवून घेतलंन माज्याकडून!" ते वाक्य त्यांच्या घशात कायमचं अडकलं. पुढे कितीही वर्षांनी विषय निघाला, तरी त्या जमिनीबद्दल अवाक्षर काढत नसत. रागावायच्या ते त्या एका वाक्यावर.

दादाचा मुलगा रोशन मात्र त्यांचा लाडका होता. पाटीवर 'लाडक्या' लिहिलंय तेवढंच खरं. लहानपणी त्याला टाकीवर बसवून त्यांनी कर्नाळ्यापर्यंत नेलेलं. मोठा झाल्यावर तो मोबाइलवर व्हिडिओ बघून गाड्यांतला तज्ज्ञ झाला. त्याचं लग्न ठरलं तेव्हा त्याच्या मनात भरलं की हळदीला मांडवात आजोबांच्या गाडीवरून एंट्री घ्यायची. बाई नाही म्हणाल्या. "नाचायची वस्तू हाय काय ती?"

मग एक दिवस तो आला आणि गोड आवाजात म्हणाला, "आत्या, गाडीची पीयूसी संपली ना? मी करून आनतो. तू कशाला लाइनीत उबी राते?" बाई विरघळल्या. त्यांनी चावी दिली. गाडी दुसऱ्या दिवशी आली, चकचकीत धुतलेली, पीयूसीचा कागद टाकीवर चिकटवलेला.

आमच्याकडे पीयूसीच्या आधी गाडी उपाशी ठेवायची पद्धत आहे. पेट्रोल कमी, हवा जास्त, म्हणजे धूर कमी आणि कागद हातात. बाहेर आलं की परत जसं होतं तसं करायचं. रोशनने कार्बोरेटरची सुई एक खाच खाली केली आणि ती तशीच विसरला. पण तेवढ्यावर तो थांबला नव्हता. हळदीच्या दिवशी आत्याला कसंही पटवू, या भरवशावर त्याने टायमिंगही पुढे ओढून ठेवलं होतं, पिकअप यावा म्हणून. आणि याबद्दल तो आत्याला एक शब्द बोलला नव्हता.

ज्यांनी जुन्या गाडीला किक मारली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ठिणगी वेळेआधी पडली की पिस्टन वर जाण्याऐवजी उलटा खाली ढकलला जातो आणि किकचा दांडा माणसाच्या पायावर उसळतो. रविवारी सकाळी बाईंनी नेहमीसारखी किक मारली. मी वरून आवाज ऐकला, आधी लोखंडाचा, मग त्यांचा. खाली धावले तर त्या खांबाला टेकून बसलेल्या, उजवा घोटा भलतीकडे वळलेला. तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते असं : "टायमिंग कोनी हलवला?"

घोट्याचं ऑपरेशन झालं, पट्टी-स्क्रू बसले. आणि मग सुरू झाली ती भेटायला येणाऱ्यांची रांग. सफरचंदं, शहाळी, मटणाचे डबे, आणि प्रत्येक डब्यासोबत तेच वाक्य. "या वयात किक मारायची असते का?" दादा म्हणाला, "मी तवाच बोल्लो व्हतो, बाईमानसाचं काम नाय." बहिणी म्हणाल्या. शाळेतले म्हणाले. हाड बसवणारे डॉक्टरही हसत हसत म्हणाले, "आता ॲक्टिव्ह लाइफ जरा कमी करा." बाई प्रत्येकाला सांगत, टायमिंग पुढे होता, गाडीने उलटी किक मारली. ऐकणारे मान डोलवत आणि एकमेकांकडे बघत. मला त्या माना पकडून हलवाव्याशा वाटत. जिचा पाय मोडला ती सांगतेय कसा मोडला, आणि हे शहाणे तिच्या जन्मतारखेचा हिशेब करतायत!

रोशनही यायचा. उशाशी बसून सफरचंद कापायचा. पण टायमिंगबद्दल बोलायचा नाही.

घरी आल्यावर बाईंनी पहिल्यांदा काय केलं, तर मला धरून लंगडत खाली आल्या. लाकडी खुर्ची, प्लास्टरचा पाय उलट्या बादलीवर. मला म्हणाल्या, "प्लग काढा." आयुष्यात पहिल्यांदा मी पाना धरला. प्लग निघाला तो खडूसारखा पांढरा. मग त्यांनी सुई लावली, गुलाबी कागद लावला, आणि चाक फिरवायला रोशनला फोन करून बोलावून घेतलं.

तो आला. त्याच्या हातात कागदाचं टोक देऊन त्या म्हणाल्या, "वढत ऱ्हा. सुटला की सांग." चाक त्यांनी स्वतःच खुर्चीतून वाकून फिरवलं. सुईवरची खूण अजून कितीतरी खाली होती आणि कागद रोशनच्या चिमटीत सुटून आला. 

"कोनी हलवला?"

"मीच, आत्या." तो म्हणाला. "मला वाटलं पिकअप..."

"पाय मोडला त्याचा राग नाय मला. इतके दिवस माज्या उशाला बसून गप ऱ्हायलास, लोकं मला म्हातारी बोलत व्हती नि तू सफरचंद कापत व्हतास, त्येचा हाय."

तो रडायला लागला. मला दया आली नाही, पण बाईंना आली. त्या म्हणाल्या, "हळदीला गाडी पायजे ना तुला? ने. एक दिवस. पन मांडवात सगल्यांसमोर बोलायचं, टायमिंग मी हलवला व्हता, आत्याची चूक नव्हती. एवढंच." रोशनने डोळे पुसत पाया पडून शब्द दिला, "माइकवर बोलतो आत्या, देवाशप्पत."

आणि मग त्या बाईने मोडक्या पायाने सबंध दुपार बसून ती गाडी त्याच्यासाठी लावली. पॉइंटची प्लेट मागे घेतली, कार्बोरेटरची सुई पुन्हा वरच्या खाचेत आणली, मिक्श्चर जुळवलं. सारखी शिव्या देत होत्या. "तुजा पन पाय मोडला तर लग्न काय खुर्चीत बसून करनार?" त्याच्याकडून किक मारून घेतली. गाडी पहिल्या किकला लागली. मला वरून चहा आणावा लागला, प्लगशी जुळवायला.

हळदीला मीही गेले. मांडव असा की गावातली दोन मैदानं कमी पडावीत. डीजे छातीत धडकत होता. वॉकर घेऊन आलेल्या आत्याला पुढच्या सोफ्यावर मानाने बसवलं. त्यांनी नवी साडी नेसली होती, आणि मी त्यांना इतकी उत्सुक कधी पाहिली नव्हती. दर दोन मिनिटांनी विचारायच्या, "माइक कुठं हाय?"

डीजे थांबला आणि दुरून इंजिनाचा ठोका ऐकू आला. सरळ, सावकाश, एकही न चुकणारा. बाई पुटपुटल्या, "बग, कसा बोलतोय." पिवळाधम्मक रोशन गाडीवरून आत आला, शिट्ट्या, फुलं, मोबाइल. गाडी स्टेजसमोर थांबली. कोणीतरी रोशनच्या हातात माइक दिला. त्याने आत्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. तेवढ्यात दादाने हसत त्याच्या हातून माइक घेतला.

"मंडली," दादा गरजला, "ही आमच्या बाबांची गाडी! आज आमच्या सुमननं राजीखुशीनं आपल्या भाच्याला भेट दिलेली हाय! टाल्या झाल्या पायजेत!"

टाळ्या झाल्या. रोशनने मान खाली घातली. खाली घातली आणि तशीच ठेवली. त्या क्षणी त्याच्यावर जितकी चिडले, तितकी मी दादावरही चिडले नाही. दादाकडून दुसरं काय अपेक्षित होतं?

बाई उठल्या. मी हात पुढे केला तो त्यांनी झटकला. वॉकर टेकत, टेकत, फुलांवरून त्या गाडीपाशी गेल्या. लोकांना वाटलं भाच्याला हळद लावायला चालल्या. त्यांनी वाट दिली. गाडी अजून चालू होती. हँडलवर एक छोटी दांडी असते, ती दाबली की इंजिनातला दाब सुटतो. बाईंनी ती दाबली. गाडी फुसफुसून गप झाली. त्यांनी चावी काढून कनवटीला लावली आणि दादाच्या हातातला माइक स्वतःच्या तोंडाशी ओढला.

"राजीखुशीनं नाय," त्या म्हणाल्या. "तवा पन नव्हतं, आता पन नाय. गाडी माजी हाय. जेवा सगले."

गाडी दुसऱ्या दिवशी टेम्पोतून परत आली. माणसं मात्र कोणी आली नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. माहेर तुटलं ते तुटलंच. बाईंना त्याचं दुःख नव्हतं असं मी म्हणणार नाही. दिवाळीत जिन्यात पावलं वाजली की त्यांची मान दाराकडे वळायची, आणि मग दिवसभर त्या कोणावर तरी ओरडायच्या.

पुढच्या वर्षी त्या झोपेतच गेल्या. भाऊ वारस. टेम्पो पुन्हा आला, या वेळी गाडी न्यायला.

पण मला आठवतात त्या त्याआधीच्या एका सकाळच्या. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. उजवा घोटा पूर्वीसारखा वळत नव्हता, त्याने किक बसत नव्हती. बाई गाडीवर न चढता तिच्या उजव्या बाजूला उभ्या राहिल्या. एक हात सीटवर, एक हँडलवर, आणि डाव्या पायाने किक. लागली नाही. वॉचमन धावत आला, "बाई, मी मारू का?" त्याला त्यांनी असं काही सुनावलं की तो फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. दुसरी किक. नाही. त्या थांबल्या, वाकून काहीतरी पाव आटा फिरवलं. तिसऱ्या किकला गाडी लागली.

मी टाळी वाजवली. त्यांनी वर बघितलं आणि ओरडून म्हणाल्या, "टाल्या नको. चहा आना!"